कान जपा, कान उघडे ठेवा





३ मार्च हा दिवस जगभर ‘जागतिक श्रवण दिन’ म्हणून पाळला जातो. तारीख आणि महिना यांचे दोन ३ शेजारी-शेजारी लिहिले की दोन कानांसारखे दिसतात, म्हणून हा दिवस निवडला गेला. आपल्या मराठीत तर कानाला फार मोठा मान आहे. आपण कानमंत्र देतो, कानोसा घेतो, चुकलेल्याची कानउघाडणी करतो. कुणी ऐकेनासे झाले की ‘कानीकपाळी ओरडून सांगितले’ म्हणतो. या साऱ्या शब्दप्रयोगांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कान उघडा आहे. आज नेमकी तीच गोष्ट गृहीत धरता येत नाही, म्हणून या अंकात आम्ही कानाविषयी लिहायचे ठरवले आहे.

शाळेत मोबाईल आणायला मनाई आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण संध्याकाळी शिकवणीला जाणारी आपलीच मुले आम्हाला रस्त्यात भेटतात. कानात पांढरी नाहीतर काळी बोंडे असतात. आम्ही हाक मारतो, मूल पुढे निघून जाते. त्यात उद्धटपणा मुळीच नसतो. त्याला हाक पोहोचलेलीच नसते.

आपले हे जुळे शहर कानांवर मोठे झाले आहे, ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावीशी वाटते. गंगूबाई हनगल लहानपणी ग्रामोफोनचा आवाज आला की धावत रस्त्यावर जात, उभ्या राहून ऐकत आणि ऐकलेले गळ्यातून काढून पाहत. पुढे हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या. गदगचे भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणे शिकण्यासाठी घर सोडले. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर तर आपल्या सर्वांचेच. या थोर मंडळींना पुस्तकातून गाणे मिळाले नाही. गुरूच्या समोर बसून, तानपुऱ्याच्या तारांमधला बारीक फरक कानाने टिपून त्यांनी ते मिळवले. गळा देवाने दिला असेल, पण तो घडवला कानाने.

गाणे सोडा, भाषासुद्धा कानानेच येते. आमचे माहेर जबलपूरचे, आणि पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. घरात मराठी होती, पण शाळा-कॉलेज, बाजार, मैत्रिणी सगळे हिंदीत. लग्न होऊन हुबळीला आलो तेव्हा आमच्या बोलण्यातला ‘चमचा’ आणि ‘चाक’ ऐकून सासूबाईंना हसू आवरत नसे. मराठीत ‘चार’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चारा’मधला ‘च’ वेगळा. लिहिताना दोन्हींचे अक्षर एकच. म्हणजे हा फरक कुठल्याही पुस्तकात पाहून शिकता येत नाही, तो फक्त कानाने घ्यावा लागतो. सासूबाई स्वयंपाक करता करता एकेक शब्द पुन:पुन्हा म्हणत आणि आम्ही ऐकत असू. आज आपली मुले घरी मराठी, गल्लीत कन्नड, दूरदर्शनवर हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा चार भाषा सहज बोलतात. ही श्रीमंती त्यांच्या कानांनी कमावलेली आहे.

आता हा कान काम कसा करतो ते थोडक्यात पाहू. बाहेरून आलेला आवाज पडद्यावर आदळतो, पडदा थरथरतो, ती थरथर तीन इवल्याशा हाडांतून आतल्या शंखासारख्या भागात पोहोचते. त्या शंखात द्रव भरलेला असतो आणि त्यात सूक्ष्म केसांसारखे टोक असलेल्या पेशी असतात. प्रत्येक कानात त्या साधारण १५ ते १६ हजार असतात. शेतात वाऱ्याने ज्वारी डोलावी तशी त्यांची टोके आवाजाने डोलतात आणि मेंदूला संदेश पाठवतात. आवाज फार मोठा असला किंवा फार वेळ चालला की हे पीक आडवे होते. थोडेसे वाकलेले असेल तर विश्रांतीने पुन्हा उभे राहते. लग्नाच्या वरातीतल्या डीजेजवळून आल्यावर कान जड होतात आणि सकाळी बरे वाटते, ते यामुळे. पण रोज रोज तुडवले तर त्या पेशी मरतात. पक्ष्यांच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. जन्मताना मिळालेली शिदोरी आयुष्यभर पुरवायची असते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हा शिक्षकांना सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठ्या आवाजाने कान एकदम बहिरा होत नाही. आधी उंच पट्टीचे, बारीक ध्वनी जातात. बोलण्यातले स्वर जाड असतात, ते बराच काळ ऐकू येत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशा व्यंजनांतला सुळकन जाणारा ध्वनी मात्र नाजूक असतो, तो पुसट होतो. त्यामुळे मुलाला कुणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीची हकीकत तिच्या आईवडिलांच्या संमतीने सांगतो. वर्ग आणि वर्ष मुद्दामच देत नाही. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखे. पण शुद्धलेखनात अचानक चुका होऊ लागल्या. ‘शाप’ सांगितले तर ‘साप’, ‘ताप’ सांगितले तर ‘ताट’. वर्गातल्या मुली हसत. लक्ष नाही, असा शेरा तिच्या वहीत पडू लागला. शेवटी तिच्या वर्गशिक्षिकेच्या ध्यानात आले की ही मुलगी आपल्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहते आहे, आणि आपण फळ्याकडे वळून बोललो की तिचे हमखास चुकते. आम्ही तिला जवळ बोलावून विचारले. ती म्हणाली, “बाई, मला ऐकू येतं, पण कळत नाही.”

कानाच्या डॉक्टरांनी यंत्रावर तपासणी केली. सर्दी, मळ, जुने दुखणे, घरातला वारसा, सगळे विचारून झाले. मग विचारले, इयरफोन किती वेळ? तेव्हा कळले की अभ्यासाचे व्हिडिओ, गाणी, मालिका सारे कानातच चालते, आणि रात्री झोपही इयरफोन घालूनच लागते. दोन्ही कानांत उंच पट्टीचे ध्वनी कमी झालेले होते. गेलेले परत येणार नाही, उरलेले सांभाळायचे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आज ती पहिल्या बाकावर बसते, शिक्षक तिच्याकडे तोंड करून बोलतात आणि तिचे गुण पुन्हा वर आले आहेत. पण तिच्या आईने आम्हाला विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. “बाई, डोळा बिघडला तर मूल आपणहून सांगतं, फळा दिसत नाही म्हणून. कान बिघडल्याचं त्यालाच कळत नाही, तर आम्हाला कसं कळणार?”

या प्रश्नाचे उत्तर म्हणून काही आकडे ध्यानात ठेवूया. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे. हा हिशेब साध्या बेरजेचा नाही. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणून ९० डेसिबलला आठवड्याचे ४० तास घटून फक्त ४ तास उरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा तास. हुबळीहून धारवाडला बसने एकदा जाईपर्यंत तो संपतो, परतीचा प्रवास कानाच्या मुदलातून होतो. १०० डेसिबलला तर आठवड्याभराचा कोटा २० मिनिटांतच संपतो. आणि मोबाईलचा आवाज शेवटच्या टोकाला नेला तर तो १०० च्या आसपास सहज जातो.

याच संघटनेने इशारा दिला आहे की असुरक्षित ऐकण्यामुळे जगातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे. जून २०२४ मध्ये प्रसिद्ध गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या दुखण्याचे कारण विषाणूचा हल्ला असल्याचे निदान झाले होते, हेडफोन नव्हे. पण ते सांगतानाच त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना फार मोठ्या आवाजातल्या संगीतापासून आणि हेडफोनपासून जपण्याचा सल्ला दिला. कान सोनारानेच टोचावे म्हणतात, आणि कानाचे मोल गायिकेहून अधिक कोण जाणणार?

मुले आम्हाला म्हणतात, “बाई, आम्ही गाणी नाही ऐकत, अभ्यासच ऐकतो.” हे खरे आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने शाळा बंद होत्या तेव्हा वर्गच मोबाईलमध्ये होता. एका खोलीत दोन भावंडे, वडिलांचे घरून चाललेले काम आणि आजीची पूजा. अशा घरात इयरफोनखेरीज शिकणेच शक्य नव्हते. त्या दिवसांत त्याने शिक्षण तारले हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण कानातल्या पेशीला गणिताचा व्हिडिओ आणि चित्रपटातले गाणे यांतला फरक कळत नाही. ती फक्त आवाज किती आणि वेळ किती एवढेच मोजते.

पालक सभेत आणखी एक प्रश्न हमखास येतो. ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूचा कर्करोग होतो का? तसे सिद्ध झालेले नाही, आणि या लहरी मोबाईलच्या लहरींपेक्षा कितीतरी दुबळ्या असतात. तेव्हा न दिसणाऱ्या लहरींची भीती बाळगून वायरवाला इयरफोन आणायचा आणि त्यातून कर्कश आवाज सोडायचा, हा उलटा व्यवहार झाला.

आता रस्त्याकडे वळूया, कारण तिथे नुकसान व्हायला वर्षे लागत नाहीत.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात शाळेची मुले घेऊन जाणारी एक व्हॅन मानवरहित रेल्वे फाटकावर पॅसेंजर गाडीखाली सापडली. १३ मुले गेली. सकाळची वेळ, दप्तरे, डबे, गणवेश. आपल्याच मुलांसारखी मुले. चालकाच्या कानात इयरफोन होते, असे प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आले. फाटकापाशी नेमलेला माणूस त्याला थांबण्यासाठी ओरडत होता, असेही तेव्हा प्रसिद्ध झाले. आम्ही हिंदी वर्तमानपत्रे आवर्जून वाचतो, त्यामुळे त्या आठवड्यातल्या साऱ्या बातम्या वाचल्या. वाचवणारी हाक दिली गेली होती, ती ज्या कानापर्यंत जायला हवी होती तिथपर्यंत गेली नाही, एवढेच मनात रुतून बसले. पुढे जानेवारी २०१९ पर्यंत रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरची सारी मानवरहित फाटके नाहीशी केली. रुळांवरचा धोका सरकारने दूर केला. कानाचे दार उघडे ठेवणे मात्र कोणत्याही सरकारच्या हातात नाही.

आपले गाव तर रेल्वेचेच गाव. जगातला सर्वांत लांब, १५०७ मीटरचा फलाट आपल्या हुबळीत आहे. १२ मार्च २०२३ रोजी त्याचे लोकार्पण झाले, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! याच गावात वळसा टाळण्यासाठी रूळ ओलांडणारी मुलेही आपल्याला दिसतात. तो कायद्याने गुन्हा आहे आणि कानात इयरफोन असताना तर जिवाशी खेळ आहे. विजेवरची गाडी जुन्या इंजिनासारखी धडधडत येत नाही.

दुसरी जागा म्हणजे हुबळी-धारवाड रस्त्याच्या मधोमध असलेली चिगरी बसची मार्गिका. ‘चिगरी’ म्हणजे कन्नडमध्ये हरीण, आणि नावाप्रमाणेच ती वेगाने येते. आपल्या दहावीतल्या एका मुलाने उजवीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला आणि पाऊल टाकले. बस डावीकडून येत होती. चालक हॉर्न देत होता, लोक ओरडत होते. याच्या कानात क्रिकेटचे समालोचन चालू होते. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या एका अक्कांनी त्याचे दप्तर धरून मागे खेचले. दप्तराचा पट्टा तुटला, मुलगा वाचला. त्या अक्का मराठी जाणत नव्हत्या आणि हा घाबरून कन्नड विसरला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आई नारळ आणि खण घेऊन त्यांच्याकडे गेली. तो मुलगा आम्हाला एवढेच म्हणाला, “बाई, मी बघितलं होतं.”

त्याने बघितले होते, यात शंका नाही. पण डोळा समोरचे पाहतो, कान चारही बाजूंचे पाहतो. पाठीमागून येणारी रिक्षा, वळणावरचा ट्रक, अंगावर येणारे कुत्रे, हे सारे आधी कानाला कळते. आता विजेवरच्या दुचाकी आल्या आहेत, त्यांचा आवाज आधीच बारीक. बाहेरचा आवाज गाळून टाकणारे नवे हेडफोन घरात किंवा बसमध्ये बसून ऐकताना उपयोगाचे आहेत, कारण गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. रस्त्यावर मात्र तेच सर्वांत घातक, कारण ते हॉर्नही गाळतात.

आणि तिसरी जागा आपले घर. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला, तेव्हा पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती. एक बटणही होते, ते दाबले की संगीत हळू होऊन दोघांना एकमेकांशी बोलता येई. एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य दिसेल, अशी काळजी ते यंत्र करणाऱ्यांनाच वाटली होती. पुढे ती सोय गेली, कारण लोकांना एकट्यानेच ऐकायला आवडले. आज एका घरात चार माणसे चार जगांत असतात. आजी आतल्या खोलीत पडली आणि हाका मारत राहिली, बाहेर बसलेल्या नातवाला कळलेच नाही, असे आपल्याच वस्तीत घडले आहे. आजी बऱ्या आहेत. पण ती हाक वाया गेली याचे दु:ख त्या नातवाला आजींपेक्षा अधिक आहे.

तेव्हा मुलांनो, काही साधे नियम पाळूया. रस्त्यावर, सायकलवर, फलाटावर आणि बसच्या थांब्यावर दोन्ही कान उघडे. बसून ऐकायचे तर आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही. शेजारच्या माणसाला तुमच्या कानातले गाणे ऐकू आले, तर ते मोठे आहे असे समजावे. अर्धा तास झाला की कान थोडा वेळ मोकळे सोडावेत. झोपताना इयरफोन काढून ठेवावेत. दुसऱ्याचे इयरफोन कानात घालू नयेत, मळ आणि जंतूही त्याबरोबर येतात. मोबाईल चार्जिंगला लावलेला असताना त्याचा वायरवाला इयरफोन कानात घालू नये. कानात सतत गुणगुण होत असेल, घरचे दूरदर्शनचा आवाज कमी कर म्हणून सांगत असतील, किंवा बोलणे ऐकू येऊनही कळत नसेल, तर लपवू नये. लगेच आईला किंवा वर्गशिक्षकांना सांगावे.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलाला आणायला येताना दुचाकीवर हेल्मेटच्या आत इयरफोन घालून बोलत येऊ नका. आम्ही फाटकाशी उभे असतो, आम्हाला दिसते, आणि मागे बसणाऱ्या मुलालाही दिसते. आम्ही वर्गात जे सांगतो ते मूल या कानाने ऐकून त्या कानाने सोडू शकते. तुम्ही करता ते मात्र ते विसरत नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा ठरवता येते. ती आज रात्रीच, मुलासोबत बसून ठरवा.

विश्वस्त मंडळींपुढे आम्ही एक मागणी ठेवत आहोत. दरवर्षी आपण डोळे आणि दात तपासून घेतो, त्याच शिबिरात आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाची कानाची यंत्रावरची तपासणी व्हावी. आपल्या गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, खासगी तज्ज्ञही आहेत. त्यांना आपण विनंती करू शकतो. खर्चाचा प्रश्न येईल, याची जाणीव आहे. पण त्या आईने विचारलेल्या प्रश्नाला आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे. मुलाला कळत नाही, आईला कळत नाही, म्हणून शाळेने तपासले पाहिजे.

संगीत ऐकू नका, असे गंगूबाईंच्या गावात कोण सांगेल? भरपूर ऐका. पण हळू ऐका, चार जणांत बसून ऐका आणि साठाव्या वर्षीही तानपुऱ्याची तार लागली की नाही ते कळेल, एवढे कान शिल्लक ठेवा.

परीक्षेसाठी सर्व विद्यार्थ्यांना मन:पूर्वक शुभेच्छा.

आपली,
मुख्याध्यापिका